वेशीवरच्या चार ओळी

पाऊस परतून जातो आणि थंडीला अजून वाट सापडलेली नसते, अशा मधल्या पंधरा-वीस दिवसांना पंचांगात वेगळं नाव नाही. बाजरी कापून झालेली असते, कपाशीची पहिली बोंडं फुटलेली असतात. दुपारचं ऊन पाठ भाजून काढतं आणि पहाटे मात्र पायांवर गोधडी ओढून घ्यावी लागते. आमच्या चिंचखेडला या दिवसांना चुन्याचे दिवस म्हणत. घट बसायच्या आत घरं पांढरी व्हायला हवीत, म्हणून गल्लोगल्ली खड्डे खणले जात. चुनकळीची ढेकळं त्यात टाकून वर घागरभर पाणी ओतलं, की खाली जाळ नसताना खड्डा रटरट उकळायला लागे. ती वाफ नाकात शिरली की डोळ्यांतून पाणी येई. त्यात डिंक पडे, मूठभर मीठ पडे, निळीची पुरचुंडी फिरे. केकताडाच्या वाखापासून केलेल्या कुंच्यांचे फटकारे भिंतींवर ऐकू येत आणि संध्याकाळी बायका चिरलेल्या बोटांना खोबरेल चोळत ओट्यावर बसत.

आता मी शहरात, सिडकोत, मुलाकडे असतो. यंदा या दिवसांत आमच्या इमारतीला रंग दिला. रंगारी दोरीवर लोंबकळत यंत्राने फवारा मारत होते आणि त्या रंगाला कसलाही वास नव्हता. मी गॅलरीत बसून बघत होतो, तेवढ्यात फोन आला. चिंचखेडच्या सरपंच सुनंदाबाई बोलत होत्या. आबा पाटलांची ही नातसून.

"गुरुजी, वेशीच्या दुरुस्तीचं काम मंजूर झालं बरं का. दसऱ्याला ग्रॅनाइटची पाटी बसवायची. इतिहास म्हणून तुम्ही शाळेच्या पुस्तिकेत लिहिलेला मजकूरच घेतलाय. तेवढा एकदा नजरेखालून घाला. दगडात एकदा कोरलं की मग खोडता येत नाय."

खोडता येत नाही, हे त्या सहज बोलून गेल्या. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवलो नाही. मला अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण झाली आहेत. तो मजकूर खोटा आहे हे जगात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी अजून महिनाभर गप्प बसलो असतो तर तो कायमचा खरा झाला असता.

चिंचखेड अजिंठ्याच्या सडकेपासून थोडं आत आहे. नकाशात शोधायला गेलात तर बोटाखाली झाकलं जाईल एवढंच. पण गावाला वेस आहे. काळ्या दगडाची, दोन बुरुजांची, वर विटांची कमान. एकेकाळी बैलांचे तांडे या वाटेनं जात तेव्हा मुक्कामाला थांबत, म्हणून वेशीला लागून सराय. सरायच्या बहुतेक कमानी पडल्या, पण वेशीच्या उजव्या हाताच्या दोन खोल्या शाबूत राहिल्या. समोर बारव, बारवेच्या पायऱ्यांवर चिंचेची सावली. एवढ्या गावाला एवढं वैभव कुणी दिलं, हा प्रश्न माझ्या लहानपणी कुणाला पडत नसे. वेस होती, जशी टेकडी होती.

कमानीच्या वर एक आडवा दगड होता, त्यावर फारसीतल्या चार ओळी. निम्मा दगड जुन्या चुन्यानं माखलेला. माझे वडील निजामाच्या अमलात गावचे पटवारी होते. मी स्वतः शाळेत उर्दू शिकलो आणि संध्याकाळी वडिलांपुढे मांडी घालून फारसी. पुढे पोलीस अॅक्शन झाली. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पुस्तकं बदलली, आम्हाला फारसी शिकवणारे मौलवीसाहेब एका सकाळी कुटुंबाला घेऊन निघून गेले. फारसी येणं ही काही दिवस लपवून ठेवायची गोष्ट झाली. मग तीही गरज उरली नाही, कारण विचारणारंच कुणी राहिलं नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी मी गावात मास्तर झालो. शाळा म्हणजे लिंबाचं झाड. ऊन सरकेल तशी पोरं सरकायची. पावसाळ्यात शाळाच नसायची. मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला छप्पर हवं होतं. आपण या गावातली पोरं शिकवून बदलून टाकू, असं मला रोज सकाळी उठल्यावर वाटायचं.

गावात रिकामं छप्पर नव्हतं. सरायच्या त्या दोन खोल्यांत हुसेनभाई गवंडी राहत. उंच, वाकलेले, भुवयांत कायमची पांढरी धूळ. गावातलं प्रत्येक घर कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेलं. पोलीस अॅक्शननंतर त्यांचा भाऊ गाव सोडून गेला, हे गेले नाहीत. दरवर्षी चुन्याच्या दिवसांत ते स्वतःच्या पदरचा चुना भिजवून वेस पांढरी करत. कुणी सांगत नसे, कुणी काही देत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बापानं सांगितलंय मास्तर. वेशीला चुना आपल्याच हातचा. का ते त्यालाबी ठावं नव्हतं."

आबा पाटील एकदा मला म्हणाले, "शाळंला सरायच्या खोल्या घे. पण हुसेन म्हणतो आमचा हक्क हाय, दगडावर आमचं नाव हाय. तुला वाचता येतं म्हणत्यात. वाच की एकदा. त्याचं नाव असंल तर त्याचं, नसंल तर शाळंचं."

मी इथं स्पष्ट लिहितो. आबांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. आयुष्यभर मी स्वतःची समजूत घातली की सांगितलं होतं, निदान सुचवलं तरी होतं. तसं काही घडलेलं नाही. आबा सरळ माणूस होता.

चुन्याचेच दिवस होते. सकाळी वेशीला शिडी लावली. आबा खाली घोंगडीवर बसले, पाच-पन्नास माणसं जमली. शिडी हलत होती म्हणून हुसेनभाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. मी वर चढून जुना चुना खरवडला, ओल्या फडक्यानं दगड पुसला आणि वाचलं. आधी मनात.

दुष्काळाच्या साली गावानं अन्न दिलं आणि रहीम गवंड्यानं ही वेस आणि सराय उभी केली.

त्यानं मजुरी घेतली नाही, वेशीच्या उजव्या हाताच्या दोन खोल्या मागितल्या.

त्याचे वंशज दरसाल या वेशीला चुना देतील तोवर त्या खोल्या त्यांच्या.

जो वाचेल त्यानं हे मोठ्यानं वाचावं.

"काय म्हणतो दगुड?" खालून आबांनी विचारलं.

मी खाली पाहिलं. डाव्या बाजूला लिंबाची सावली सरकली होती आणि माझी पोरं पाट्या डोक्यावर धरून उन्हात बसली होती. मी म्हणालो, "पाटलांच्या पूर्वजांनी वेस आणि सराय बांधली, असं आहे."

आबा गडबडले. "आमच्या? मला कुणी सांगितलं नाय कधी." मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हुसेनभाईंनी शिडी सोडली नाही. मान वर करून म्हणाले, "आमचं काहीच नाय का त्यात, मास्तर? बाप म्हणायचा हाय म्हणून."

"नाही," मी म्हणालो.

"मग नसंल." एवढंच बोलले आणि मी उतरेपर्यंत शिडी घट्ट धरून राहिले.

मी तिथंच थांबलो असतो तरी एक वेळ. पण उतरल्यावर मी त्यांना सांगितलं, दगडावर ऊन-पाऊस लागून अक्षरं झिजतील, वरून चुना चढवून टाका. त्यांनी तो त्याच दुपारी चढवला. आठ दिवसांत खोल्या रिकाम्या केल्या आणि बारवेच्या मागं कुडाचं घर घातलं. शाळेसाठी खोल्या नीट करून देणारेही तेच. भिंतीत खडूसाठी कोनाडा ठेवला. समोरच्या भिंतीवर चुना आणि काजळी घोटून असा काळा फळा केला, की बत्तीस वर्षं मी त्यावर लिहिलं आणि त्याला एक पोपडा गेला नाही.

त्या फळ्यावर मी गावाला शिकवलं. त्या खोल्यांतून पोरं निघाली आणि तलाठी झाली, नर्स झाली, फौजदार झाली. एक पोरगी वैजापूरच्या कॉलेजात शिकवते. गावानं माझा सत्कार केला तेव्हा वक्ते म्हणाले, गुरुजींनी सरायची शाळा केली. आणि पहिल्याच वर्षी, पहिल्या रांगेत, हुसेनभाईंचा यासीन बसला होता. ज्या खोलीत तो जन्मला त्याच खोलीत मी त्याला पहिलं अक्षर गिरवायला लावलं. एकदा तो म्हणाला, "गुरुजी, तिथं माझी आजी झोपायची." मी म्हणालो, "पुढं लिही."

दरवर्षी चुन्याचे दिवस आले, की हुसेनभाई कुंचा घेऊन शिडीवर चढत. मी शाळेच्या दारातून बघत असे. त्या आडव्या दगडापाशी आले की ते जरा जपून हात फिरवत, दोनदा फिरवत. ते गेल्यावर यासीन. तो करमाडला स्थायिक झाला, तिकडं घरं बांधायला लागला, तरी घट बसायच्या आधी एक दिवस चुन्याचा डबा घेऊन गावात यायचा. मला नमस्कार करायचा. मी म्हणायचो, "कशाला एवढ्या लांबून येतोस?" तो म्हणायचा, "अब्बा सांगून गेला ना."

मी बोलू शकलो असतो. दरवर्षी एक दिवस मला ती संधी मिळत होती, आणि दरवर्षी मी ती चुन्याखाली जाताना पाहिली. पुढे शाळेच्या पुस्तिकेत गावची माहिती लिहायची वेळ आली, तेव्हा तर मी ते खोटं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. एकदा मोठ्यानं बोललेलं खोटं नंतर सवयीनं खरं वाटायला लागतं असं म्हणतात. मला ते कधीही खरं वाटलं नाही.

फोन आल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलाला म्हणालो, मला करमाडला घेऊन चल.

यासीन एका बांधकामावर विटांच्या थप्पीवर बसला होता. सत्तरी उलटलेली, भुवयांत तीच धूळ. त्याची मुलं वर स्लॅबवर होती. मला बघून तो धडपडत उठला. "गुरुजी! तुम्ही कशाला आले? फोन करायचा की. ए, खुर्ची आण रे."

मी उभ्यानंच सांगितलं. सगळं, क्रमानं. शिडी, आबा, चार ओळी. मशीन घरघरत होती, त्यामुळं मला ओरडून सांगावं लागलं. यासीननं हात वर केला. "मिक्सर बंद कर रे." सगळीकडं शांत झालं. मग म्हणाला, "परत सांगा."

मी परत सांगितलं. त्यानं हातातली थापी विटांवर ठेवली.

"अब्बानं शिडी धरली व्हती," तो म्हणाला. "तुम्ही पडू नये म्हणून."

"हो."

"मरेपर्यंत सांगायचा, आपल्या बापाचंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. मास्तर कशाला खोटं सांगंल." त्यानं वर स्लॅबकडं पाहिलं. "अब्बाला हे ऐकायला मिळालं पायजे व्हतं, गुरुजी. मला नाय. त्याला."

मी म्हणालो, "मला माफ कर असं म्हणायला मी आलो नाही. दसऱ्याच्या आत दगड उघडायचा. तुझ्याशिवाय तो कुणी उघडू नये."

तो उठला, दोन पावलं गेला, परत आला. आणि मग त्याच्यातला गवंडी जागा झाला. "अक्षरं राहिली असतील का?"

"इतका चुना चढलाय वर. मला भीती वाटते."

यासीन चक्क हसला. "तुम्हाला चुना कळत नाय, गुरुजी. उघड्या दगडाला ऊन खातं, पाऊस खातो. चुन्याखालचा दगड जसाच्या तसा राहतो. तुम्ही लपवायला सांगितलं, अब्बानं राखून ठेवलं."

सुनंदाबाईंना मी फोनवर एवढंच सांगितलं, पाटी कोरायची थांबवा, आधी जुना दगड उघडून बघू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वेशीवर गेलो. यासीननं लोखंडाला हात लावला नाही. लाकडाची धारदार पट्टी, ओलं पोतं आणि धीर. एकेक पापुद्रा सुटायला लागला तसं गाव उलगडत गेलं. निळसर थर, ज्या वर्षी दुकानदारानं नीळ फुकट वाटली होती. पिवळट थर, गावात वीज आली तेव्हा हौसेनं त्यात पिवडी घातली होती. एक थर अगदी पातळ, पाणी दिसावं इतका. तो दुष्काळातला. बारव आटली होती, माणसं खडी फोडायला जात होती, आणि हुसेनभाईंनी पिण्याच्या घागरीतलं पाणी काढून त्यात चुना भिजवला होता. हे मला यासीननं सांगितलं. मी ते त्या वर्षी शाळेच्या दारातून पाहिलंही होतं, पण काय पाहतो आहे ते मला कळलं नव्हतं.

एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. त्यांनी न वाचलेला करार पाळला होता. मी वाचलेला मी मोडला होता.

शेवटचा पापुद्रा गेला आणि काळा दगड ओला, चकचकीत समोर आला. टाकीचे घाव कालचे वाटावेत असे. यासीननं बोटानं एक वळण चाचपलं. "हात चांगला व्हता," एवढंच म्हणाला.

दसऱ्याच्या दुपारी सीमोल्लंघनासाठी अख्खं गाव वेशीत जमलं. झेंडूच्या माळा, नव्या टोप्या, आपट्याच्या फांद्या, मोबाईल वर धरलेली पोरं. सुनंदाबाईंनी मला खुर्ची दिली, मी बसलो नाही. मी माझं खोटं आधी सांगितलं, मग चार ओळी वाचल्या. फारसीत वाचल्या, मराठीत सांगितल्या, आणि मोठ्यानं वाचल्या. माझा आवाज तसा गेलेला आहे. पण त्या कमानीखाली तो घुमला.

मागून माझा एक जुना विद्यार्थी ओरडला, "गुरुजी, आमी खोटं बोललो की तुमी उठाबशा काढायला लावायचे!"

हशा पिकला. मी म्हणालो, "बरोबर आहे." आणि दोन्ही कान धरले. हशा थांबला. मी गुडघे वाकवायला लागलो तसा यासीन पुढं आला आणि माझा दंड धरला. "एकच काढा. दुसरीला खाली बसले तर उठवायला जेसीबी लागंल." पुन्हा हशा झाला. त्याच्या आधारानं मी एक उठाबशी काढली. अख्ख्या गावासमोर. माझ्या सत्काराच्या शालीपेक्षा ती मला जास्त उबदार वाटली.

सुनंदाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. "म्हणजे आमच्या सासरच्या पूर्वजांचं नाव गेलं म्हणा की."

पाटलांच्या भावकीत कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "एवढ्या वर्षांचा मान हाय वहिनी, असा सोडायचा व्हय?"

"आपला नव्हताच तो. चुकून आपल्या घरी आलेलं सामान हाय. धन्याला परत द्यायचं, का आपलंच म्हणून वापरायचं?" मग सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "दगड काय म्हणतो ते ऐकलं ना? चुना देतील तोवर खोल्या त्यांच्या. चुना कुणी दिला?"

"यासीननं!" पोरं ओरडली.

"त्याच्या आधी?"

"हुसेनचाचानं!" आता म्हातारे ओरडले, आणि तो आवाज मोठा होता.

शाळा केव्हाच नव्या इमारतीत गेलेली. त्या दोन खोल्यांना कुलूप होतं आणि तिथं दुकानगाळे काढायचं चाललं होतं. ग्रामसभेनं तिथंच उभ्याउभ्या हात वर केले. किल्ली यासीनच्या हातात आली, तेव्हा त्याच्यावर आपट्याच्या पानांचा एवढा वर्षाव झाला की त्याचे पांढरे केस दिसेनात. जो तो म्हणत होता, सोनं घ्या, सोनं घ्या. सगळ्यांचं देऊन झाल्यावर मीही एक पान त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते घेतलं आणि खिशात वेगळं ठेवलं. मिठी वगैरे मारली नाही. मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

गाव वेशीबाहेर पडलं. हलगी वाजत होती, धूळ उडत होती. आम्ही दोघं मागं राहिलो. जिथं ग्रॅनाइट बसणार होता त्या भिंतीतल्या रिकाम्या चौकोनासमोर यासीन उभा होता. पाटी आता नव्यानं कोरायची होती.

"गुरुजी, चार ओळी मराठीत लिहून द्या. खाली तुमचं नाव घालायचं."

"माझं नको रे. माझं नाव कशाला?"

"घालायचं." आवाज गवंड्याचा होता, मजुराला कोन दाखवावा तसा. "पहिल्यांदा खोटं वाचलं, तेबी लिवायचं. दुसऱ्यांदा खरं वाचलं, तेबी लिवायचं. अर्धंच लिवलं तर मग तुमच्यात आन् ह्या पाटीत फरक काय राहिला?"

मी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता. त्यानं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा तुकडा फाडून दिला आणि पाठ वाकवून माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या पाठीवर कागद ठेवून मी चार ओळी लिहिल्या, आणि त्यांच्याखाली आणखी दोन.

ती पाटी आता लागली आहे. चिंचखेडला आलात तर वाचा. तिच्यावर माझं नाव आहे आणि माझा गुन्हा आहे, दोन्ही एकाच मापाच्या अक्षरात. अठ्ठ्याऐंशी वर्षांत माझ्याबद्दल जे जे लिहिलं गेलं, त्यात संपूर्ण खरं असं तेवढंच आहे.